संघाच्या संवादाची खाती : ऑनलाइन समूहासाठी प्रणाली कशी पारखावी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने समाजातील सर्व परिवारांना ऑनलाइन माध्यमाद्वारे एका सूत्रात जोडण्याचा संकल्प सोडला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४.५ लाख असून त्यापैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात आहेत. संख्येने अल्प आणि वस्तीने विखुरलेला असा आपला समाज आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, पांढरकवडा येथील आपली कुटुंबे आणि शिक्षण वा नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, हैदराबाद किंवा परदेशी गेलेली आपली मुले यांना जोडणारा धागा हवाच. प्रश्न एवढाच आहे की, तो धागा कोणत्या प्रतीचा निवडावा.

याविषयी संघात मतभेद आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे, व्हॉट्सअ‍ॅप आहे तेवढे पुरे. युवकांचा आग्रह, संघाचे स्वतःचे अ‍ॅप असावे. कोणी टेलिग्राम सुचवितो, कोणी फेसबुक. विश्वस्त मंडळाने या विषयावर विचार मांडण्याची आज्ञा मला केली. मी संगणकतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. परंतु माल पारखून घेणे आणि हिशेब चोख ठेवणे हे आयुष्यभराचे काम झाले आहे. त्याच दृष्टीने मी या प्रणालींचा विचार केला, तो आपणापुढे ठेवतो.

प्रथम गरज, मग माल

दुकानात आलेल्या ग्राहकाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "कापड कशासाठी हवे?" सदऱ्याचे कापड निराळे, गादीच्या खोळीचे निराळे. संगणक-प्रणाली निवडताना मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शेजारच्या गावच्या संघाने एखादे अ‍ॅप घेतले म्हणून आपणही घ्यावे, असे होते.

संघाच्या संवादाचे बारकाईने अवलोकन केले तर त्यात तीन स्वतंत्र कामे दिसतात. पहिले काम सूचनेचे. प्रवचनाची वेळ, पर्युषणातील कार्यक्रम, आयंबिल ओळीची नोंदणी, साधू-साध्वींच्या विहाराची वार्ता, एखाद्या परिवारातील दुःखद निधन आणि अंत्ययात्रेची वेळ. ही माहिती थोड्या वेळात सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. तिच्यावर चर्चा नको असते. दुसरे काम चर्चेचे. स्वामीवात्सल्याचे नियोजन, पाठशाळेचा अभ्यासक्रम, वैयावच्चाच्या पाळ्या यांसाठी थोड्या मंडळींचे निवांत बोलणे आवश्यक असते. तिसरे काम नोंदीचे. सभेचे ठराव, बोली-चढाव्याच्या रकमा, देणगीदारांची यादी, परिवारसूची, जुन्या स्मरणिका हे सारे वीस वर्षांनीही सापडले पाहिजे.

आज ही तिन्ही कामे आपण एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात करतो. परिणाम आपण सर्वजण अनुभवतो. संवत्सरीच्या दिवशी क्षमापनेच्या शेकडो चित्रांखाली एखाद्या घरच्या निधनाची वार्ता दबून जाते आणि निकटचा स्नेही अंत्ययात्रेला पोहोचू शकत नाही. चढाव्याची रक्कम गटात लिहिली जाते आणि वर्षभराने ती शोधायला बसले तर ज्याच्या फोनमध्ये ती होती, त्याने फोन बदललेला असतो. मग दोन सज्जन माणसांत एका आकड्यावरून कटुता येते.

आपल्या धर्मपरंपरेत हिशेबाची एक फार सुंदर शिस्त आहे. देवद्रव्य, ज्ञानखाते, जीवदया आणि साधारण खाते आपण कधीही एकत्र करीत नाही. एका खात्यातील रुपया दुसऱ्या खात्यात गेला तर श्रावकाला झोप लागत नाही. मला वाटते, हीच शिस्त संवादालाही लावावी. सूचना, चर्चा आणि नोंद ही तीन खाती वेगळी ठेवली की प्रत्येक खात्याला योग्य प्रणाली निवडणे सोपे होते. "सर्वांत चांगले अ‍ॅप कोणते?" हा प्रश्नच मग उरत नाही.

बंद झालेल्या पेढ्यांचा इतिहास

प्रणाली निवडण्यापूर्वी या क्षेत्रातील मोठमोठ्या पेढ्यांचे काय झाले, हे पाहणे उचित ठरेल. गुगलचे ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. भारतात ते इतके लोकप्रिय होते की, महाविद्यालयीन तरुणांच्या एका पिढीचे समूह त्यावरच होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहू ग्रुप्सवर जगभरातील असंख्य मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठलेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जुना मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले, सभासदांना तो उतरवून घेण्यास काही आठवड्यांची मुदत दिली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ही सेवा संपूर्ण बंद झाली. सर्वसामान्यांसाठीचे गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपले.

स्वदेशी असले म्हणजे टिकेल, असेही नाही. हाइक मेसेंजर जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झाले. यांपैकी कोणाकडेही बुद्धीची कमतरता नव्हती. धंदा परवडेनासा झाला की पेढी बंद होते. यात दोष कुणाचाच नाही. ज्यांनी आपल्या वह्या त्या पेढीत ठेवल्या होत्या, त्यांचे मात्र नुकसान झाले.

याउलट एक उदाहरण मराठी भाषकांना अभिमान वाटावे असे आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने सुरू झाले. आज तीन दशकांनंतरही जगभरातील मराठी मंडळी तेथे लिहितात. मधल्या काळात त्यांनी प्रणाली बदलली आणि 'ड्रुपल' ही मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारली. तरीही 'हितगुज' या विभागातील जुने लेखन वाचण्यासाठी राखून ठेवले. हे शक्य झाले, कारण जागा त्यांची स्वतःची होती आणि मजकूर त्यांच्या ताब्यात होता. प्रणाली हे भाड्याचे कपाट आहे. आतील वह्या आपल्या असल्या पाहिजेत.

सहा कसोट्या

कोणतीही प्रणाली पुढे आली तरी तिला पुढील सहा कसोट्या लावाव्यात, असे मी सुचवितो.

पहिली कसोटी सुलभतेची. पंचाहत्तरीच्या आजींना ती चालविता येईल का? मराठी टंकलेखन आणि मराठी शोध नीट होतो का? आपल्या जुन्या स्मरणिका श्रीलिपीसारख्या टंकांत जुळविलेल्या आहेत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्यातील एकही नाव संगणकावर शोधता येणार नाही. म्हणून यापुढचा प्रत्येक शब्द युनिकोडमध्येच असावा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. अनेक घरांतून एकच मोबाइल क्रमांक गटात असतो आणि तो घरातील कर्त्या पुरुषाचा असतो. सूनबाईंना, लेकींना स्वतःच्या नावाने सदस्य होता आले नाही तर समूह अर्ध्याच समाजाचा राहील.

दुसरी कसोटी कारभाराची. ट्रस्टच्या बँक खात्यावर आपण दोन विश्वस्तांच्या सह्या ठेवतो. मग समूहाची किल्ली एकाच उत्साही युवकाच्या खिशात का असावी? तो परदेशी गेला, त्याचा क्रमांक बंद पडला, तर कुलूप उघडायचे कोणी? किमान तीन संचालक असावेत. विश्वस्त बदलले की आपण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये बदल अर्ज सादर करतो. त्याच वेळी ऑनलाइन समूहाचे संचालकही बदलावेत आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी.

तिसरी कसोटी अपरिग्रहाची. जेवढी आवश्यक तेवढीच माहिती प्रणालीने आणि आपणही घ्यावी. परिवारसूचीत नाव, गाव आणि संपर्क पुरेसा आहे. जन्मतारीख, उत्पन्न, विवाहेच्छुक मुलींची छायाचित्रे हा संग्रह सर्वांसाठी खुला कशाला हवा? संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कोणत्या हेतूने घेतली ते सांगणे, संमती घेणे, त्याच हेतूसाठी ती वापरणे आणि हेतू संपल्यावर ती काढून टाकणे ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी. पाठशाळेने हे विशेष ध्यानात घ्यावे. भगवान महावीरांनी परिग्रहाचे परिमाण करावयास सांगितले, तेच हा कायदा माहितीच्या बाबतीत सांगतो आहे. साध्वींच्या विहाराचा मार्ग आणि मुक्कामही शेकडो अनोळखी फोनवर न जाता विहारसेवेतील मोजक्या कार्यकर्त्यांपुरताच राहावा.

चौथी कसोटी भाषा समितीची. मोजके, सत्य आणि हितकर बोलावे, हा दंडक केवळ मुखाला लागू नाही, बोटांनाही आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचे प्राण गेले. अशा अफवा त्या काळी व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ज्यांच्या धर्माचा पाया अहिंसा आहे, त्यांनी खात्री न करता संदेश पुढे ढकलणे ही हिंसेची अनुमोदना होऊ शकते. म्हणून प्रणालीत संदेश रोखण्याची, काढण्याची आणि ठराविक व्यक्तींनाच लिहू देण्याची सोय आहे का, हे पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात असा निर्वाळा दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ संचालक म्हणून कोणास गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याने संचालक सुटेल. परंतु संघाची शोभा राखण्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

पाचवी कसोटी निर्गमनाची, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. उद्या ही प्रणाली सोडायची झाली तर आपला मजकूर, सदस्यसूची आणि छायाचित्रे एकगठ्ठा बाहेर काढता येतील का? ज्या गोदामात माल आत जातो पण बाहेर निघत नाही, तेथे कोणी व्यापारी माल ठेवील का?

सहावी कसोटी खर्चाची. फुकट मिळणाऱ्या वस्तूचीही किंमत असते. ती माहितीच्या, वेळेच्या वा परावलंबनाच्या रूपाने वसूल होते. उलट, पैसे मोजून घेतलेल्या प्रणालीचा खर्च एकदाच होत नाही. उभारणीचा खर्च भांडवली आणि देखभालीचा खर्च महसुली, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवितात. देणगीतून भांडवली खर्च निघतो, महसुली खर्चाला दरवर्षीची तरतूद लागते.

प्रत्यक्ष पारख

आता या कसोट्यांवर प्रचलित प्रणाली पाहू.

व्हॉट्सअ‍ॅपचा मोठा गुण म्हणजे ते घरोघरी आहे, आजींनाही येते. संदेश २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात. एका गटात १,०२४ सदस्य घेता येतात. २०२२ मध्ये आलेल्या 'कम्युनिटी' सोयीत अनेक गट एका छत्राखाली आणता येतात, सूचनागटात फक्त संचालक लिहू शकतात आणि तेथे सदस्यांचे क्रमांक परस्परांना दिसत नाहीत. सूचनेच्या खात्यास हे उत्तम. नोंदीसाठी मात्र ते कच्चे आहे. संभाषण ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये असते आणि ते फाइलरूपाने काढले तरी शिस्तबद्ध वही होत नाही.

टेलिग्राममध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य घेता येतात, नव्या सदस्याला मागील मजकूर दाखविण्याची सोय आहे, मोठ्या फाइली ठेवता येतात आणि संगणकावरील आवृत्तीतून संपूर्ण संभाषण उतरवून घेता येते. परंतु त्यातील सर्वसाधारण गट टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. मजकूर कंपनीच्या संगणकांवर राहतो. प्रवचनांच्या ध्वनिफितींसाठी ते चांगले. खासगी परिवारसूचीसाठी नाही.

फेसबुकचा गट दूरच्या नातलगांना शोधून देतो, पण कोणता मजकूर आधी दिसावा हे तेथील यंत्रणा ठरविते. अंत्ययात्रेची सूचना दोन दिवसांनी डोळ्यांसमोर आली तर तिचा उपयोग काय? झोहो या भारतीय कंपनीचे 'अरट्टै' २०२१ मध्ये आले आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. स्वदेशीचा आनंद आहे. तरी सहा कसोट्या त्यालाही लावाव्यात.

युवकांच्या 'स्वतःच्या अ‍ॅप'विषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यांची तळमळ खरी आहे. अ‍ॅप बनविणे कठीण नाही, सांभाळणे कठीण आहे. अ‍ॅन्ड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे ते सतत अद्ययावत करावे लागते. तसे न केल्यास नव्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये ते सापडेनासे होते. उद्घाटनाला नारळ फोडला आणि तीन वर्षांत दुकानाची पाटी उतरली, असे व्हायला नको. त्यापेक्षा ट्रस्टच्या नावाने नोंदविलेले साधे संकेतस्थळ बरे. त्यासाठी ड्रुपल किंवा चर्चामंडळासाठी 'डिस्कोर्स' यांसारख्या मुक्तस्रोत प्रणाली आहेत. त्यांत विषयवार मांडणी होते, शोध घेता येतो आणि संपूर्ण साठ्याची प्रत काढून दुसरीकडे नेता येते. संकेतस्थळाचे नाव कोणा व्यक्तीच्या वा संगणक-विक्रेत्याच्या नावे न घेता ट्रस्टच्या नावे घ्यावे, हे मी ठासून सांगतो. जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी उपाश्रय बांधीत नाही.

विश्वस्तांपुढे नम्र सूचना

सूचनेसाठी व्हॉट्सअ‍ॅप ठेवावे. समाज जेथे आहे, तेथून त्याला हलविण्याचा अट्टहास नको. त्या खात्यात फक्त तीन संचालकांनी लिहावे. चर्चेसाठी उपक्रमनिहाय छोटे गट असावेत आणि उपक्रम संपला की ते विसर्जित करावेत. नोंदीसाठी ट्रस्टच्या नावाचे संकेतस्थळ असावे आणि ठराव व चढाव्यांची छापील वही पूर्ववत चालू राहावी. गटात झालेला कोणताही निर्णय त्या वहीत चढेपर्यंत निर्णय मानू नये. ज्यांच्याजवळ फोन नाही, त्यांच्यासाठी उपाश्रयातील फलक आणि घरी जाऊन निरोप देणारे दोन कार्यकर्ते हवेतच.

नवी प्रणाली घेण्यापूर्वी महिनाभर दहा परिवारांत ती वापरून पाहावी. त्यात एखादे वयोवृद्ध दांपत्य, एखादी गृहिणी, एखादा परगावी गेलेला विद्यार्थी असावा. मागील महिन्यातील एखादी सूचना शोधणे, क्रमांक बदलणे, एका सदस्याची माहिती काढून टाकणे आणि सर्व मजकूर बाहेर काढणे ही चार कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत. कापडाचा रंग दुकानात पक्काच दिसतो. तो धुतल्यावर कळतो.

शेवटची सूचना आपल्या परंपरेतूनच घेतली आहे. श्रुतज्ञान मुखपरंपरेने चालत होते, तेव्हा ते लोप पावेल या चिंतेने आपल्या पूर्वाचार्यांनी ते लिहून ठेवले. आचार्य धरसेनांकडून शिकलेल्या पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे आगम लिहिले गेले. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री येथील ज्ञानभांडारांनी ती ठेव शतकानुशतके जपली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. पोथ्या बाहेर काढून त्यांना कसर वा ओल लागली नाही ना, हे पाहण्याची आपली प्रथा आहे. या दोन दिवशी संघाच्या डिजिटल साठ्याचीही प्रत काढावी, ती उघडून वाचून पाहावी, एक प्रत ट्रस्टच्या कपाटात आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. दोन विश्वस्तांनी वहीत तशी सही करावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेली पोथी; आतून ती केव्हाच पोखरलेली असू शकते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या ज्येष्ठांनी हा ट्रस्ट स्थापन केला, त्यांच्या हस्ताक्षरातील इतिवृत्ते आजही आपण वाचू शकतो. ट्रस्टची शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीला आपले ठराव, आपले दानी आणि आपली नावे तितक्याच सहजतेने वाचता यावीत. कोणतीही प्रणाली निवडा. पण ही एक गोष्ट प्रथम निश्चित करा आणि मगच पुढे जा, एवढी नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द पूर्ण करतो.

जय जिनेंद्र!